गट क्रमांक सातचा तक्ता

९ फेब्रुवारी, रविवार

स्वराली येऊन गेली. माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी अमरावतीला राहते, तिथे निसर्गमंडळ चालवते आणि रानातून आलेली सॅक थेट माझ्या नोटरीच्या टेबलावर ठेवते. सॅकच्या तळाला वाळलेला चिखल होता. चिखलच होता असं ती म्हणते.

काम असं की पुढच्या रविवारी बार्शीटाकळीच्या पलीकडच्या धामणदरी राखीवात वन्यजीव नोंदणी दिन आहे. तज्ज्ञ नाहीत, साधीच माणसं. चाळीस गट करायचे, प्रत्येक गटाने एक पट्टा चालायचा आणि दिसेल तो प्राणी, पाऊल, पीस, विष्ठा तक्त्यात लिहायची. विष्ठा! चांगल्या घरची माणसं सुट्टीच्या दिवशी गाडीला पेट्रोल घालून हे पाहायला जाणार.

"काका, तुम्ही आमच्या सातव्या गटाचे नोंदलेखक. तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे आणि तुम्ही न पाहिलेली गोष्ट लिहीत नाही."

आता हे खरं आहे. पस्तीस वर्षं वकिली आणि नोटरी केली, पण माणूस समोर उभा असल्याशिवाय कागदावर शिक्का मारला नाही. मी हो म्हणालो. सातवा पट्टा म्हणजे उत्तरेचा माळ. तिथे लांडगा असावा असा स्वरालीचा कयास आहे, पण कागदावर एकही नोंद नाही. एक खात्रीची नोंद मिळाली की पुढचं सगळं करता येईल म्हणाली.

सिंधू स्वयंपाकघरातून म्हणाली, "दुधात माशी पडली तर दोन दिवस चहा सोडणारा माणूस रानात जाऊन काय करून राहणार आहे?" बायकोला पस्तीस वर्षांच्या नेकीचं काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी आलो. गरम पाण्याने दोनदा अंघोळ केली तरी अंगाला वास येतो आहे. चंद्रोदयाला दहा वाजतील, तोवर लिहून काढतो. आज संकष्टी.

राखीवाच्या फाटकाशी पहाटे सहाला दीडशे माणसं. सगळ्यांना एकाच मापाचे हिरवे टी-शर्ट, कुठल्या गोदामात पडून होते कोण जाणे, ओल्या पोत्याचा दर्प. फाटकाच्या दोन्ही बाजूंना तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. 'निसर्ग वाचवा' असं लिहिलेल्या फलकाच्या 'नि'वरून ओघळ खाली आला होता, ताजा. नाश्त्याला पोहे. मला उपास होता हे बरंच झालं, कारण वाढणारा माणूस हाताने वाढत होता आणि त्याच हाताने मान खाजवत होता. शौचालयाची एक फिरती पेटी आणली होती. तिच्याबद्दल लिहीत नाही.

गटात आम्ही तिघं. एक नितेश, अकोल्यात गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला आहे. तो दर चाळीस पावलांवर थांबून स्वतःचं चित्रण करत होता. नऊ वाजता त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली आणि निसर्गाची आवडही संपली, तो परत गेला. दुसऱ्या गोदाबाई, धामणदरीच्याच, साठीच्या आसपास, तीसेक बकऱ्या आहेत, रोज माळावर चारतात. वाटाड्या म्हणून स्वरालीने त्यांना दिलं. त्यांची दोन कुत्री, राजा आणि लाली, गावात बकऱ्यांजवळ ठेवून आल्या होत्या. "कुत्री सोबत आनली असती तं तुमाले काईच दिसलं नसतं," म्हणाल्या. बाई बोलतात मोजकं, चालतात मात्र वाऱ्यासारख्या.

पहिल्या दोन तासांत छान काम झालं. रोही (नीलगाय) चार, मोर नऊ, ससा एक, खोकड एक (पाठमोरं). वेळ, ठिकाण, दिशा, सगळं लिहिलं. मग सुरू झालं ते.

वाटेच्या अगदी मध्यावर, दगडावर, ती. करंगळीएवढी नव्हे, चांगली दोन बोटं जाड, वळ दिलेली, वरून पांढुरकी. त्यात केस. नुसते केस नाहीत, गुंडाळेच्या गुंडाळे, आणि मधून हाडाच्या टोकदार चिपा. गोदाबाई सरळ उकिडव्या बसल्या आणि काडीने ती उलगडू लागल्या. वास नाकात गेला तो अजून तिथेच आहे. आंबलेलं कातडं, रक्त आणि अजून काहीतरी. माझ्या पोटात साधा चहाही नव्हता, तरी उलटी घशापर्यंत आली. मी तोंड फिरवून पळसाखाली जाऊन उभा राहिलो.

"वकीलसाहेब, इकडे पाहा जरा. हे कुत्र्याचं नाई."

"मग कशाचं?"

"कुत्रं भाकर खाते. त्याचं लेंड असं केसाचं नाई राहत. अन् कुत्रं असं वाटंच्या मधात, दगडावर, सगळ्याले दिसन असं कायले ठेवन? हे त्याचं हाय." बाई त्याचं नाव घेत नव्हत्या. गुराख्यांचा काही नेम असेल.

आता नियम असा होता. कुत्र्याची विष्ठा असेल तर नुसती नोंद करायची. दुसऱ्या कुठल्याही मांसाहारी जनावराची किंवा शंकास्पद असेल तर नमुना घ्यायचा. म्हणजे चिमट्याने उचलायची, झिपच्या पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची, वेगळा फॉर्म भरायचा आणि ती पिशवी नोंदलेखकाने स्वतःच्या झोळीत ठेवायची. झोळी मंडळाने दिलेली, एकच. त्या झोळीत माझा उपासाचा डबा होता. साबुदाण्याची उसळ आणि वर सिंधूने दिलेलं लिंबाचं लोणचं. संकष्टीच्या दिवशी, त्या डब्याला टेकून, ते?

मी लिहिलं: कुत्रा. ९.५०.

गोदाबाईंनी विचारलं, "लिवलं का?" मी म्हटलं, लिहिलं. खोटं बोललो नाही. लिहिलंच होतं.

पुढच्या मैलभरात तसल्याच आणखी सहा. प्रत्येक वेळी बाई बसायच्या, काडी फिरवायच्या आणि मला हाक मारायच्या. मी प्रत्येक वेळी रुमाल नाकाला लावून लांबूनच वेळ लिहायचो. कुत्रा, कुत्रा, कुत्रा. शेवटी शेवटी तर न थांबताच लिहिलं. माळावर कुत्री फार झालीत हे यातून उघड दिसतं आणि कोणीतरी ते लिहायला हवंच होतं.

दुपारी डबा उघडलाच नाही. भूक मेली होती. तक्ता परत दिला तेव्हा स्वरालीने तो पाहिला. चेहरा उतरला तिचा. "नमुना एकही नाही?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "ठीक आहे काका. तुम्ही बघून लिहिलंय ना, मग तसंच असेल."

२ मार्च, रविवार

अमरावतीला समारोप झाला. गेलो. सभागृहात पंखे बंद, मागच्या रांगेत कोणीतरी बूट काढून बसलेलं. सगळ्यांत नीटनेटक्या तक्त्याचं प्रमाणपत्र मला दिलं. फुलांच्या गुच्छात मुंग्या होत्या, त्या कोटाच्या बाहीत शिरल्या.

अहवाल वाचून दाखवला. कुत्र्यांच्या एकूण अकरा नोंदी, त्यांतल्या सात एकट्या माझ्या पट्ट्यातल्या. 'उत्तर माळावर भटक्या कुत्र्यांचा सुळसुळाट, अन्य मोठा मांसाहारी प्राणी आढळला नाही.' राखीवाच्या समितीने लगेच ठरवलं की कुत्री हटवायची. निदान कोणीतरी माझा तक्ता नीट वाचला. घरी आल्यावर प्रमाणपत्र सिंधूला दाखवलं, तिने गुच्छ आधी बाहेर नेऊन टाकला.

स्वराली समारोपात एका कोपऱ्यात बसून होती. तिला लांडगा हवा होता. हवा म्हणून असतो का?

११ मार्च, मंगळवार

फोनवर कळलं, रविवारी गाडी जाऊन धामणदरीची कुत्री उचलली. छान झालं. आमच्या गल्लीतलीही उचलली तर मीच हार घालीन. सकाळी दारात पाय टाकायची सोय नाही.

२० मार्च, गुरुवार

आजचा दिवस लिहितानाही हात धुवावासा वाटतो.

दहा वाजता मी एका खरेदीखताचे कागद पाहत होतो. दारात गोदाबाई. बार्शीटाकळीहून ऑटोने आल्या, मग पुलावरून पायी जुन्या शहरात, गल्लीगल्लीत विचारत. ऊन लागून चेहरा काळवंडला होता. सिंधूने पाणी दिलं, बसा म्हणाली. बसल्या नाहीत.

"माही राजा अन् लाली नेली, वकीलसाहेब. बकऱ्याइच्या मांगं होती, तिथूनच फासा टाकून नेली. म्या म्हटलं, माही हायत. तं म्हने, कागदावर हाय, माळावरचं सगळं कुत्रं न्यायचं. कोन्या कागदावर? तं म्हने, वकीलाच्या."

मी समजावलं, तो निर्णय समितीचा आहे, कुत्री दवाखान्यात नेतात, नसबंदी करून सोडतात, परत येतील.

"अकरा दिवस झाले. कोनी म्हनते परतवाड्याच्या रस्त्यानं सोडली. मी तिथवर जाऊन आली. कुठी काई नाई. अन् तवापासून तो रोज येऊन राहिला. पाच बकऱ्या गेल्या. कुत्री होती तवा जवळ येत नव्हता. लोक मलेच हासते. म्हनते, तुहीच कुत्री सुटून आली असन, बकऱ्या खाऊन राहिली. तुमी एवढं लिहून द्या, का ते कुत्र्याचं नव्हतं. मंग कोनी तरी ऐकन."

"बाई, मी काय जनावरांचा डॉक्टर आहे? आता महिन्याने कसं लिहून देऊ? पुरावा लागतो."

"आनला हाय ना," म्हणाल्या आणि लुगड्याच्या ओच्यातून फडक्याची पुरचुंडी काढून माझ्या टेबलावर, खरेदीखताच्या शेजारी, नोटरीच्या शिक्क्याच्या डबीला लागून, ठेवली आणि सोडली.

तीच. तीन-चार. केसांसकट.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, कारण शुद्ध मराठीत नव्हतं. खुर्ची मागे पडली. "उचला! आधी उचला ते! हे वकिलाचं ऑफिस आहे, उकिरडा नाही!" फुटपट्टीने ढकलून पुरचुंडी कचऱ्याच्या बादलीत पाडली. खरेदीखतावर एक केस राहिला होता.

बाई फडकं बादलीतून काढून घ्यायला वाकल्या, मग तसंच राहू दिलं. सिंधू त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेली, खाली काहीतरी बराच वेळ बोलणं चाललं होतं.

टेबल तीनदा पुसलं. शिक्क्याची डबी फेकून दिली, नवी आणीन.

२१ मार्च, शुक्रवार

सिंधूने सकाळी चहा ठेवला आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही ते वाकून पाहिलं होतं का हो?"

मी म्हटलं, पाहायचं काय त्यात?

"नाही, तुम्ही न पाहिलेलं लिहीत नाही ना, म्हणून विचारून राहिले."

दिवसभर एवढंच. संध्याकाळी वरण अळणी होतं, मी तसंच खाल्लं.

२८ मार्च, शुक्रवार

मीठ मागायला स्वयंपाकघरात गेलो तर सिंधू आणि स्वराली गच्चीवर. मधे लिंबाच्या लोणच्याची रिकामी बरणी. माझी. माझ्या आईच्या वेळची. वीस तारखेला मी अंघोळीला गेलो तेव्हा माझ्या या बायकोने बादलीतली पुरचुंडी काढून बरणीत भरली, झाकण लावलं, वर फडकं बांधलं आणि आठ दिवस गच्चीत उन्हाला ठेवली. आणि त्या आठ दिवसांत मी तिच्या हातचं जेवत होतो!

स्वराली वर्तमानपत्रावर ते पसरून भिंगाने पाहत होती. "बकरीचे केस, सशाचे केस, हाडं चावून बारीक केलेली. भाकरीचा, भाताचा कणही नाही. काका, प्रयोगशाळेत पाठवीनच, पण मला शंका नाही, लांडगाच. कालच मी गोदाबाईंबरोबर माळावर जाऊन आले. ओढ्याच्या रेतीत पावलं आहेत, मोठ्यांची आणि पिल्लांची. त्यांचा दरवर्षीचा रस्ता आहे तो. वाटेच्या मध्यावर मुद्दाम ठेवतात, हद्द सांगायला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोळा तारखेला तुम्ही पाहिलेली अशीच होती का?"

मी वकील. समोरच्याने कुठला प्रश्न विचारला की काय उत्तर द्यायचं हे मला झोपेतही येतं. सांगता आलं असतं की आठवत नाही. सिंधू बरणीकडे बघत होती.

"अशीच होती," मी म्हणालो.

"सातही?"

"पहिली. बाकीच्या पाहिल्या नाहीत."

स्वरालीने वर्तमानपत्राची घडी घातली. चिडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "त्या दिवशी एक पिशवी आणली असतीत, तर कुत्री उचलली नसती. आता तुमच्या सहीचं लेखी निवेदन लागेल, खाली स्थानिक साक्षीदार म्हणून गोदाबाईंची सही. म्हणजे तक्ता रद्द करून घेता येईल."

जाताना दारात सांगून गेली की गोदाबाईंच्या आणखी सहा बकऱ्या गेल्या.

पोहे, पिचकाऱ्या, ती फिरती पेटी, बरणी, सगळ्यांची किळस मी दीड महिना या वहीत लिहितो आहे. आज आरशात दाढी करताना ब्रश खाली ठेवला. माझीच किळस आली, आणि ती पाण्याने जाईना.

३ एप्रिल, गुरुवार

निवेदन टंकून घेतलं, दोन प्रती. बार्शीटाकळीला बसने, तिथून ऑटो. माझ्या मांडीवर कोणाचं तरी पोर होतं, त्याच्या नाकाला शेंबूड. नेहमीचा मी उभं राहून आलो असतो, आज बसून राहिलो. त्याचं काही कौतुक नाही, उभं राहायला जागा नव्हती.

गोदाबाई ओट्यावर तुरीच्या डाळीतले खडे वेचत होत्या. मला पाहून उठल्या, घोंगडी अंथरली. मी येण्याचं कारण सांगितलं आणि त्या दिवशी घरात जे बोललो त्याबद्दल माफी मागितली. अशी माफी मी कधी कोर्टातही मागितलेली नाही. त्या म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं. मी अमुक, राहणार जुने शहर, अकोला, वय सदुसष्ट, लिहून देतो की, दिनांक सोळा फेब्रुवारी रोजी उत्तर माळावरील सात नोंदींत 'कुत्रा' असे लिहिले ते चुकीचे असून, अपुरा प्रकाश व वेळेची कमतरता यांमुळे सदर नमुन्यांचे बारकाईने निरीक्षण होऊ शकले नाही. सोबतच्या स्थानिक जाणकार गोदाबाई यांनी तेव्हाच योग्य माहिती दिली होती.

बाई खडा वेचता वेचता थांबल्या.

"उजेड तं होता, वकीलसाहेब."

मी कागदावरची ती ओळ बोटाने शोधली.

"दहा वाजाले आले होते. उन्हानं डोये दुखत होते. अन् टाइम बी होता, तुमी पळसाखाली किती वेळ उभे होते." आवाजात राग नव्हता, नितेशच्या मोबाइलबद्दल बोलावं तसं बोलत होत्या.

खिशातून पेन काढलं. ती ओळ खोडली. टंकलेल्या कागदावर मी आजवर खाडाखोड केलेली नाही, पक्षकारालाही करू दिली नाही. वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: मला किळस आली, म्हणून मी पाहिले नाही. खाडाखोडीशेजारी छोटी सही केली. वाचून दाखवलं.

"हां," म्हणाल्या. "आता बराबर हाय. आना."

हात लुगड्याला पुसून त्यांनी सही केली. एकेक अक्षर वेगळं, सावकाश, 'गो'ची मात्रा शेवटी. दोन्ही प्रतींवर. मी शाई सुकेपर्यंत कागद धरून बसलो आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, आता तक्ता रद्द होईल, समितीला ऐकावं लागेल, नवी कुत्री मी स्वतः बघून आणून देतो, राखणीची, उरलेल्या बकऱ्यांना आता धोका राहणार नाही.

"उरल्या कुठी?" त्यांनी ओट्याच्या पलीकडे हात केला. गोठ्याची ताटी उघडी होती. आत खुंट्यांची रांग आणि झाडून एका कोपऱ्यात सारलेल्या लेंड्या. "सोमवारी इकल्या बार्शीटाकळीच्या बाजारात. सगळ्या. कुत्र्याबिगर कोन राखन? मले आता दिवसभर धावनं होत नाई."

मी विचारलं, मग सही कशाला केली?

त्या पुन्हा डाळीचं सूप पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "मले काय करायची हाय सही," म्हणाल्या. "तुमाले पायजे होती ना."

पाचच्या बसने परत आलो. निवेदनाची एक प्रत स्वरालीला पाठवली, दुसरी टेबलावर ठेवली आहे.